दोन बोटं जागा

शेषेरावांचा मला पहिल्यापासून राग आहे, आणि त्यांनी माझं काहीएक वाकडं केलेलं नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीचे, वर्षाराणीचे यजमान. अहमदपूरजवळच्या खेड्यात पाच एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर, दारात दोन म्हशी. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या माहेरची विहिरीवरची मोटर सात वेळा काढून, वायंडिंग भरून आणून बसवली, आईच्या शिलाई मशीनला नवा पट्टा घातला, टाकीची गळती बंद केली, आणि एकदाही ते कुणाला ऐकवून दाखवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी सिंधू. मुखेडला शाळेत विज्ञान शिकवते. तरफेचे तीन प्रकार फळ्यावर काढते आणि कात्री, अडकित्ता, चिमटा अशी उदाहरणं देते. आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. माहेर जळकोटपासून सात किलोमीटरवर. वडिलांना गाव हणमंतआप्पा म्हणतं, आम्ही नुसतं आप्पा.

आप्पांकडे ब्याण्णव सालची जीप आहे. ती आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि वर्षा चारची. गावातल्या किती बाळंतिणी त्या जीपनं जळकोटला नेल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही. जीप बिघडली की मात्र हाक मलाच यायची. "सिंधे, बॅटरी आण." मग मी एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पाना धरून तासन्‌तास उभी. मान अवघडायची, डास चावायचे, पण बॅटरीचा उजेड नटावरून हलू द्यायचा नाही.

शेवटचं काम फक्त माझं असायचं. रेडिएटर काढून परत बसवला की तो आणि त्याच्या मागचा पंखा यांच्यात जागा किती राहिली हे बघावं लागतं. आप्पांचा हात जाडजूड, तो आत जायचा नाही. मी दोन बोटं जोडून आत घालायचे.

"जातेत का?"

"जातेत."

"सैल का घट्ट?"

"बराबर."

मी बराबर म्हटलं की आप्पा पाना खाली ठेवायचे. घरात माझ्या शब्दावर थांबणारी ती एकच गोष्ट होती.

नव्व्याण्णवला मी डी.एड.साठी लातूरला गेले, मग नोकरी, मग लग्न. वर्षाचं लग्न झालं त्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तर अंगणात जीपचं बॉनेट उघडं. आत कंबरेपर्यंत वाकलेले शेषेराव. आणि शेजारी बॅटरी धरून कोण उभं? आप्पा. स्वतः. माझ्यासाठी आप्पांनी जन्मात बॅटरी धरली नव्हती. मी चप्पल न काढताच घरात गेले आणि आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पोटात दुखत होतं ते कुणाला सांगता आलं नाही.

आता या माणसाबद्दल जे खरं आहे ते सांगते, नाहीतर मी डूख धरून बोलते असं वाटेल. शेषेराव चार वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. चुलत्यांच्या घरी वाढले. लातूरला एक वर्ष आयटीआय केलं आणि रान बघायला कुणी नाही म्हणून परत आले. जुन्या पँटीच्या पायाची शिवलेली एक पिशवी त्यांच्या खांद्याला असते, त्यात पाने, पक्कड, सुतळी. काहीही खोलायला घेतलं की आधी घरातली परात मागतात. जो नट आधी निघाला तो परातीत डाव्या हाताला, मग दुसरा त्याच्या शेजारी, असे ओळीनं मांडतात आणि परत बसवताना उजवीकडून उचलत येतात. मध्ये कुणी परात हलवली तर रागावत नाहीत, पुन्हा मांडतात. बोलणं कमी. जेवायला काय वाढलं ते बघत नाहीत, वाढणाऱ्याकडे बघून "पुरे" म्हणतात. आईला त्यांचं इतकं कौतुक की आमच्या ह्यांना, म्हणजे उमाशंकरांना, थोरले जावई असूनही माझ्या माहेरी पेपर वाचण्यापलीकडे काही काम उरलेलं नाही. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते सगळं माझ्याच वाट्याला आलं आहे.

जीपची चावी घरात खुंटीला असायची. ती कधी शेषेरावांच्या खिशात गेली ते कळलं नाही. एकदा मी आप्पांना म्हटलं, "मला जीप चालवायला शिकवा." आप्पा म्हणाले, "तुला काय करायचं? हे हायेत की." हे म्हणजे शेषेराव. त्या दिवशी ते अंगणातच होते आणि त्यांनी मान वर केली नाही, एवढं बरं केलं.

तर गेल्या अधिक श्रावणात गोष्ट निकराला आली. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे. आईनं महिन्यातला एक रविवार ठरवला. तो कळवायला फोन केला तेव्हा आप्पांनी फोन मागून घेतला. एकाच वेळी दोघींना लावला होता, मी मुखेडहून ऐकत होते, वर्षा आणि शेषेराव त्यांच्या घरून.

"जीपचं पुढचं पार सडलं," आप्पा म्हणाले. "रेडिएटर तारेनं बांधून ठेवलाय. अहमदपूरचा गॅरेजवाला मनला, भंगारात द्या. मी ठरवलंय, धोंड्याच्या दिवशी मला माझ्या जीपमधून महादेवाला जायाचं. तवर उभी राहिली तर चावी कुणाला द्यायची ते तिथंच सांगतो. न्हाई राहिली तर सोमवारी भंगारवाला येऊन राहिला."

"मी बघतो, आप्पा," शेषेराव म्हणाले.

"मी करते," मी म्हणाले.

 पलीकडून आईचं हसू ऐकू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात शेषेरावांचा आवाज आला, "करू द्या की आप्पा. आक्काला येतंय. मी मधी येत न्हाई."

माझ्या बापाची जीप, आणि मला परवानगी हे देणार. पण शब्द तोंडातून गेला होता. खरं सांगते, मला जीप नको होती. मुखेडच्या आमच्या गल्लीत ती वळलीसुद्धा नसती. मला एवढंच हवं होतं की चार लोकांसमोर आप्पांनी ती चावी माझ्या तळहातावर ठेवावी.

सडलं काय होतं ते सांगते. जीपच्या समोर उभ्या फटींची जी लोखंडी जाळी दिसते, तोच रेडिएटरचा आधार. तिच्या पाठीला चार बोल्टांनी रेडिएटर बसतो. खालून ती चेसीवर टेकते, दोन्ही बाजूंनी मडगार्ड तिला धरतात, आणि वरून दोन लांब सळया तिला मागं ताणून उभं ठेवतात. सळयांच्या टोकाला नट असतात. नट आवळावा तसा आधार रेडिएटरसकट पंख्याकडे सरकतो. आप्पांच्या जीपचा आधार खालून पापडासारखा झाला होता, बोट लावलं की पोपडा हातात येई.

नवा आधार आता कुठे मिळणार. जुन्या गाड्या तोडतात तिथे शोधायचा, म्हणून एका रविवारी मी नांदेड गाठलं. तीन दुकानदारांनी मला बघून आधी "साहेब कुठं हायेत" असं विचारलं. चौथ्यानं नाही विचारलं, त्याच्याकडूनच घेतला. तो आधार म्हणजे जीपचं अख्खं तोंड, दोन दिव्यांची भोकं असलेलं. पोत्यात मावेना, म्हणून तसाच एसटीत घेऊन चढले आणि शेजारच्या सीटवर खिडकीकडे उभा केला.

कंडक्टर आला, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमचं हाफ तिकीट. ह्येचं फुल लागतंय. ह्ये बाई न्हाई."

अख्खी गाडी हसली. मीही हसले असते, पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हाच आधार शेषेराव घेऊन बसले असते तर कुणी हसलं नसतं.

पुढच्या शनिवारी दुपारी शाळा सुटली की माहेर गाठलं. शेडमध्ये आप्पा खाटेवर बसून. मदत करू का असं त्यांनी विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. पाणी सोडलं, नळ्यांच्या पट्ट्या ढिल्या केल्या, रेडिएटर उचलून बाजूला ठेवला. इथवर मला सगळं पाठ होतं. मग मडगार्डचे बोल्ट आले आणि मला कळलं की बॅटरी धरणं वेगळं आणि पाना धरणं वेगळं. गंजलेले बोल्ट हलेनात. रॉकेल सोडलं, वाट बघितली, पान्याला पाइप लावून लांब केला. तरफ, दुसरा प्रकार. एक बोल्ट निघाला, दुसरा तुटला, तिसऱ्याला पाना सटकला आणि माझी बोटं पत्र्यावर सोलून निघाली. परात मात्र मी मागितली नाही. निघेल तो नट पदराच्या गाठीत, काही साडीच्या निऱ्यांत, दोन आईच्या मिसळणाच्या डब्यात. परात मागणं म्हणजे शेषेरावांची नक्कल झाली असती.

दोन शनिवार-रविवार गेले. तारेच्या ब्रशनं नवा आधार घासला, लाल रंगाचे दोन हात दिले. सडका आधार निघाला तेव्हा त्याचे तुकडे झाले, ते मी एका पोत्यात भरले. गावातल्या बायका शेडपाशी येऊन जायच्या. लक्ष्मम्मा म्हणून शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "जावई असून लेकीला कामाला लावलंय व्हय, आप्पा?" आप्पा नुसते हं म्हणाले. त्या हं मध्ये काय होतं ते मला कळलं नाही, आणि ते न कळल्यामुळे मी दिवसभर धुसफुसत राहिले.

धोंड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सगळं जागेवर आलं. आधार चेसीवर बसला, खाली रबर घातलं, मडगार्ड धरले, रेडिएटर चढला, वरच्या सळया लावल्या. आणि मी हात आत घातला. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये माझी दोन बोटं जोडून गेली. सैल नाही, घट्ट नाही. बराबर. मला वाटलं आप्पांना हाक मारावी. मान वळवली तर आप्पांच्या कानाला फोन.

"हाव, हाव," आप्पा हसत होते. इतके दिवस खाटेवर दगडासारखा बसलेला माणूस फोनवर खळखळून हसत होता. "हाव शेषेराव, उद्या लवकर या. तुमच्याशिवाय हाय कोण मला."

ते शब्द मी उभ्यानं ऐकले. माझे हात ग्रीसनं काळे, बोटांवर पट्ट्या, नखात गंज, आणि आप्पांना शेषेरावांशिवाय कुणी नाही. हातात पाना होता. समोर सळईचा नट होता. मी तो आवळला. एक फेरा. मग आणखी एक. दुसऱ्या बाजूचाही आवळला. आधार कसा पक्का बसतो ते उद्या बघू दे सगळ्यांना, माझ्या मनात आलं. प्रत्येकी पाच फेरे दिले तेव्हा माझा राग थोडा उतरला. बोटं पुन्हा घातली नाहीत. माप आधीच घेतलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. आईनं पहाटेपासून पुरण वाटलं होतं. वर्षाराणी नवी साडी नेसून आली, शेषेराव पांढरा सदरा घालून, पण खांद्याला पिशवी होतीच. धोंडे खाण्याआधी देवाला जायचं ठरलं. मी रेडिएटरमध्ये पाणी भरलं. सगळे शेडसमोर जमले. शेषेरावांनी खिशातली चावी काढून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "आप्पांना द्या. सुरू तेच करतील."

आप्पा चढले. इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्यांदा पेटलं, आणि लगेच खर्रकन असा आवाज आला की लक्ष्मम्मा मागे सरकली. आप्पांनी तत्काळ बंद केलं. जाळीतून पाणी सुटलं आणि माझ्या पायावरून वाहत गेलं. पंख्यानं रेडिएटर खरवडला होता.

 माझा चेहरा कसा झाला असेल ते मला आजही बघायचं नाही. आता शेषेराव पुढे येणार, परात मागणार, पाच मिनिटांत करून दाखवणार, आणि चावी त्यांच्या खिशात परत जाणार. माझ्यासमोर. माझ्याच चुकीनं.

ते पुढे आले. परात मागितली नाही. बॉनेट उघडून आत बघितलं, सळईच्या नटाला बोट लावलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "आक्का, माप घेतल्यावर आवळलाव व्हय?"

"हो."

"काऊन?"

"राग आला होता."

"कुणाचा?"

"तुमचा."

त्यांनी थोडा विचार केला. "हाव," एवढंच म्हणाले आणि पाना माझ्याच हातात दिला. मी नट ढिले करायला लागले. ते पलीकडून रेडिएटरला धरून उभे राहिले. आप्पा उतरून बाकीच्या लोकांबरोबर अंगणात गेले होते, आई आत धोंड्यांकडे पळाली होती.

"मला बी यायचा," ते म्हणाले.

"काय?"

"राग. तुमचा." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "जीप खोलली की आप्पा तुमचंच सांगत्यात. सिंधू बॅटरी अशी धरायची, उजेड हलायचा न्हाई. सिंधूची बोटं असे जायचे. सोळा वर्षं तेच ऐकून राहिलो मी. मला कुणी लहानपणी बॅटरी धर मनलं न्हाई, आक्का. बापच न्हवता तर कोण मनणार."

मी नट फिरवत राहिले.  पाचवा फेरा सुटल्यावर मी हात पुढे केला, तर त्यांनी पिशवीतून एक लाकडाचा तुकडा काढला. बाभळीचा, तेल पिऊन काळा झालेला, कडा गुळगुळीत. एका बाजूला तापल्या सळईनं काहीतरी डागलेलं होतं. सिं.

"आप्पांनी दिला, माझ्या लग्नाच्या सालात. तुम्ही लातूरला गेल्यावर माप कुठून आणायचं मनून तासला होता. तुमचे दोन बोटं हायेत ह्ये."

मला एकदम आठवलं. लातूरला जायच्या दिवशी आप्पांनी माझा हात धरून बोटं जोडून बघितली होती. मला वाटलं होतं, अंगठी करणार आहेत. अंगठी कधी आली नाही आणि मी ती गोष्ट मनात धरून ठेवली होती. आणि इतकी वर्षं ते माप या माणसाच्या पिशवीत होतं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझं मन भरून वगैरे आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, की माझी बोटंसुद्धा ह्यांनी नेली.

"काल फोनवर मी इचारलं होतं," शेषेराव म्हणाले. "माप पाठवू का मनून. आप्पा लई हसले. मनले, ती माप कशाला मागंल, माप तिचंच हाय."

मी बोटं आत घातली. बराबर. दोन नळ्या चिरल्या होत्या, त्या त्यांनी चिमट्यानं चेपून बंद केल्या. मग आईकडून वाटीभर हळद मागून घेतली. आई म्हणाली, "पुरणात घातली की." "पुरणाला न्हाई, आई, रेडिएटरला," ते म्हणाले आणि पाण्याबरोबर ती आत सोडली. उरलीसुरली गळती हळदीनं धरली. इंजिन पेटलं. पंखा फिरला. कुठेही लागला नाही.

महादेवाचं देऊळ गावाबाहेर, टेकाडावर. आप्पांनी जीप स्वतः चालवली, शेवटची. मी त्यांच्या शेजारी, बाकीचे मागे. देवळापाशी उतरून त्यांनी दर्शन घेतलं, परत आले, आणि सगळ्यांसमोर चावी धरली. माझा हात आपोआप अर्धा वर आला होता.

"गाडी शेषेरावांची," आप्पा म्हणाले. "सोळा वर्षं ह्यांनी जपली. ह्यांच्याकडं चालंल."

चावी त्यांच्या हातावर पडली. मी अर्धा वर आलेला हात पदराकडे नेला आणि पदर सारखा केला.

"अन् शेषेराव, ते लाकूड तिला देऊन टाका," आप्पा पुढे म्हणाले. "तिचं हाय ते. माझ्याकडून ऱ्हायलं होतं द्यायचं."

शेषेरावांचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. मी त्यांना इतक्या वर्षांत कोणतीही वस्तू देताना अडखळलेलं पाहिलं नव्हतं. म्हैस मागितली असती तर सोडून दिली असती त्यांनी.

"आप्पा," ते म्हणाले, "चावी आक्काला घेऊ द्या. ह्ये ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

सगळ्यांना वाटलं जावईबापू मान राखून बोलताहेत. वर्षा कौतुकानं हसली, आईनं डोळे पुसले. मी हसले नाही. तो चेहरा मी ओळखत होते. पहिल्या दिवाळीपासून आरशात तोच बघत आले होते. आप्पांच्या हाताची, आप्पांनी जपायला दिलेली एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि ती आता बापाच्या खऱ्या लेकीकडे चालली होती.

चावी त्यांनी माझ्यासमोर धरली होती, जी मी महिनाभर मागत होते. मोठ्या मनाची बाई असती तर म्हणाली असती, राहू द्या, दोन्ही तुमच्याकडेच ठेवा. मी तेवढी मोठी नाही. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "लाकूड द्या."

त्यांनी दिलं.

धोंडे झाले. आमच्या ह्यांचे पाय आईनं आधी धुतले, मग शेषेरावांचे. पंगतीत त्यांच्या ताटातला अर्धा धोंडा तसाच राहिला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता थोडं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

त्याला आता दोन वर्षं होत आली. जीप अहमदपूरकडे असते, महिन्यातून एकदा आप्पांना दाखवायला येते. आप्पा अजून आधी चहा त्यांना विचारतात, मग मला, आणि माझ्या पोटात अजून दुखतं. बाभळीचा तुकडा माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून असतो. रेडिएटर खोलला की शेषेरावांचा फोन येतो. "आक्का, या. माप पायजे." मग मी मुखेडहून एसटी पकडते. दुसरा तुकडा तासायला त्यांना पाच मिनिटं लागतील. बाभळ त्यांच्या बांधावरच आहे. अजून त्यांनी तासलेला नाही.

मागच्या खेपेला जीप माहेरी आलेली होती; मी पोचले तर शेडमध्ये अंधारून आलं होतं. परातीत नट ओळीनं मांडलेले, आप्पा खाटेवर, शेषेराव बाजूला होऊन मला जागा देत होते. मी पर्समधून तुकडा काढला, मग परत ठेवून दिला आणि बाही वर केली. आतलं काही नीट दिसेना.

"शेषेराव," मी म्हणाले, "बॅटरी धरा."

त्यांनी धरली, दोन्ही हातांनी. उजेड जरासुद्धा हलला नाही.